आई माझ्यावर चोरीचा आळ घेते

"मॅडम, आई मला चोर म्हणते. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर म्हणते. आणि भाऊ फोनवर सांगतो, माझ्याशी तर किती छान बोलली!"

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या घरांतून ही तक्रार थोड्याफार फरकाने नेहमी कानावर येते. ही हकिगत एका लेकीची; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आईचं वय ७८, निदान झालेलं. लेक पन्नाशीची, नोकरी करणारी. तिचे प्रश्न दोन होते. आई हे मुद्दाम करते का? आणि तिला संस्थेत ठेवावं असं मनात येतं, म्हणजे मी वाईट मुलगी का?

मुद्दाम तर मुळीच नाही. स्मृतिभ्रंशाच्या निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये अल्झायमरचा आजार असतो. या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग बहुधा लवकर झिजू लागतो आणि नुकतंच घडलेलं साठवून ठेवणं हे त्याचंच काम. आई पर्स नीट राहावी म्हणून लपवते, पण लपवल्याची नोंदच होत नाही. तिच्या हिशेबाने पर्स होती, आता नाही, आणि घरात दुसरं कोण आहे? लेक! जी सगळ्यात जवळ असते, तिच्याच वाट्याला हा आळ येतो. १९०६ साली जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी ज्या स्त्रीची हकिगत पहिल्यांदा मांडली, तिच्या आजाराची सुरुवातही नवऱ्यावरच्या संशयानेच झाली होती. हे ऐकून लेक बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे हे आजाराचं बोलणं आहे."

भाऊही खोटं बोलत नव्हता. 'जेवलास का, मुलं कशी आहेत' ही आयुष्यभराच्या सवयीची वाक्यं पुष्कळ काळ शाबूत राहतात आणि दहा मिनिटांचा फोन त्यांच्यावर सहज निभावतो. भावाला समजावत बसण्यापेक्षा आठवडाभर त्याला घरी राहायला बोलवा आणि त्या आठवड्यात तुम्ही घरात थांबू नका, असं मी सुचवलं. तो आला. तिसऱ्या रात्रीच त्याने बहिणीला फोन केला.

पर्सच्या बाबतीत लेक पुरावे दाखवायची. आंघोळीच्या टॉवेलच्या गुंडाळीतून पर्स काढून आईपुढे धरायची, "बघ, तूच ठेवलीस!" यात एक मोठी अडचण आहे. प्रसंग विसरला जातो, पण त्यातून आलेला अपमान, भीती मागे उरते. आईला वाद आठवत नसे, लेकीवरचा राग मात्र संध्याकाळपर्यंत धुमसत राही. आम्ही वाक्य बदललं: "पर्स सापडत नाही म्हटल्यावर जीव घाबरणारच गं. चल, दोघी मिळून शोधू." शिवाय तशीच दुसरी पर्स आणून ठेवली. आळ थांबला नाही, पण भांडणं पुष्कळच कमी झाली.

इथे एक सांगायला हवं. विसरायला होतंय म्हणजे अल्झायमरच, असं घरच्या घरी ठरवू नका. बी-१२ची कमतरता, थायरॉईडचा दोष, नैराश्य यांतही असंच दिसतं आणि त्यांवर उपचार आहेत. निदान झालेलं असलं तरी माणूस दोन-चार दिवसांत अचानक फार बिघडला, तर थेट डॉक्टरांकडे न्या. लघवीचा साधा संसर्गही त्याला कारण होऊ शकतो.

आता संस्थेचा प्रश्न. 'घरी की संस्थेत' असा तो मांडला की त्यात फक्त अपराधीपणा उरतो. म्हणून मी लेकीला एक वही ठेवायला सांगितली: आईला त्रास कधी होतो, तेव्हा काय चाललेलं असतं, आणि तुम्ही रात्री सलग किती झोपलात. शेवटचा रकाना मी मुद्दाम घालायला लावते, कारण न झोपलेलं माणूस कुणालाच सांभाळू शकत नाही. वहीतून दिसलं ते असं: सकाळ बरी, पण दिवस मावळायच्या सुमारास आईची घालमेल सुरू होई आणि मध्यरात्रीनंतर ती दार उघडायला जाई. संध्याकाळी वाढणारी ही अस्वस्थता या आजारात फार सर्रास दिसते. त्यावरून मदत ठरली. आधी संध्याकाळपुरती मदतनीस, ती उजेड गेल्यावर नाही, त्याआधीच येणारी. नंतर काही दिवस दिवसभराचं केंद्र. पुढे वर्षभराने आई रात्री एकटीच बाहेर पडून पडली, तेव्हा निवासी संस्था.

संस्था बघायला लेक आणि भाऊ दोघे गेले, तेही संध्याकाळी. सकाळी सगळ्याच जागा नीटनेटक्या दिसतात. रात्री किती माणसं असतात? एखाद्याने आंघोळ नाकारली तर काय करता? कुणाला बांधून ठेवता का? गुंगीची औषधं कोण आणि कशासाठी ठरवतं? हे प्रश्न मी लिहून दिले होते. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "आमच्याकडे सगळे शांत असतात." ती जागा त्यांनी सोडून दिली आणि माझ्या मते योग्यच केलं. दुसरीकडे प्रमुख बाईंनी उलट यांनाच विचारलं: आईंना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, त्या पूर्वी काय करायच्या, कशाने घाबरतात? तिथेच आई आता राहते.

पहिले काही आठवडे जड गेले. आई "घरी चल" म्हणायची. हे लोक स्वतःच्या घरात बसूनही असं म्हणतात. त्यामागे बहुतेक वेळा बेचैनी असते. "हेच तुझं घर" असं समजावण्याऐवजी लेकीने विचारलं, "घरी काय करायचंय?" उत्तर आलं, "झाडं सुकली असतील." तेव्हापासून कुंड्यांना पाणी घालायचं काम आईकडे आलं.

लेकीची टोचणी पूर्ण गेलेली नाही, ती लगेच जावी असं मी म्हणतही नाही. पण ती रात्री झोपते, आणि भेटायला जाते तेव्हा आईशी बोलायला तिच्यात त्राण असतं. परवा तिचा फोन होता: भाऊ आईला भेटून आला की रडत बसतो, त्याला घेऊन येऊ का? म्हटलं, नक्की घेऊन या.