हेझी डबल आयपीए चाखताना काय बघायचं, आणि ओतण्याआधी कॅन हलवायचा का?

हेझी डबल आयपीए म्हणजे दिसायला गढूळ, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) भरपूर घातलेली स्ट्रॉंग बिअर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हलवू नका. उलटा ठेवू नका, टेबलावर लाटू नका, उरलेला घोट गोल फिरवून ग्लासात रिचवू नका.

भाऊ बॉस्टनहून ८ टक्के अल्कोहोलचे कॅन आणतोय आणि "तळाचं मिसळून घे, खरी चव त्यातच आहे" असं त्याला कुणीतरी सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. हाच सल्ला आमच्या बिअर चाखणाऱ्या मंडळींत मी सतत ऐकतो आणि दर वेळी त्यावरून भांडतो. या बिअरचा गढूळपणा यीस्टचा नसतो, निदान नसावा. ओट्स-गव्हातली प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स एकमेकांना धरून बसतात, आणि ते कण इतके बारीक असतात की कॅन फ्रीजमध्ये उभा ठेवला तरी तरंगत राहतात. तळाला बसतं ते यीस्ट आणि हॉप्सचा चुरा. डबल हेझीत ड्राय हॉपिंगला (उकळण्यानंतर, सुगंधासाठी हॉप्स घालणं) लिटरमागे १५ ते २० ग्रॅम पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या हॉप्सच्या गोळ्या, सहज पडतात, म्हणजे चुऱ्याला तोटा नाही. तो मिसळला की कच्चट राहिलेल्या अळूने खवखवावा तसा घसा खवखवतो. यालाच हॉप बर्न म्हणतात. पहिल्या घोटाला तो कळत नाही, कारण तुरटपणा साठत जातो. तिसऱ्या-चौथ्या घोटाला जीभ कोरडी पडते आणि आंबा, संत्रं, पॅशनफ्रूट सगळं त्याखाली दबून जातं. मग मंडळी म्हणतात, "काय हॉपी आहे!"

आता चाखण्याबद्दल. कॅनच्या बुडावरची तारीख बघा. ती बहुतेक वेळा भरल्याची असते, आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात: ०३/०४ म्हणजे ४ मार्च. माझ्या मते दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान ही बिअर सर्वांत चांगली लागते. त्याआधी हिरवट चरचर असते, त्यानंतर सुगंध उतरतो. पण तारखेपेक्षा उष्णता महत्त्वाची. या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस, बिअरचं नुकसान सारखंच. म्हणून विमानतळावरून घरी येताना कॅन गाडीच्या डिकीत तापू देऊ नका आणि आल्या आल्या फ्रीजमध्ये उभे ठेवा. किमान एक रात्र.

ग्लास हवाच. व्हरमॉंटच्या 'द अल्केमिस्ट'ची हेडी टॉपर, म्हणजे या घराण्याची मूळ बिअर, तिच्या कॅनवर कॅनमधूनच प्या असं छापलेलं असतं. प्यायला खुशाल प्या. पारख करायची तर रंग दिसलाच पाहिजे. फिकट पिवळा ते सोनेरी ठीक. राखाडी, मळकट तपकिरी किंवा जांभळट झाक दिसली की ऑक्सिजन शिरलाय असं समजा, मग नाकाने खात्री करा: फळांचा वास बसलेला, त्याजागी मध, मुरांबा, ओला पुठ्ठा. हा गोडवा पुष्कळांना आवडतो आणि ते त्याला माल्टची चव समजतात. ती बिअर खराब झालेली असते. हेझीत हे लवकर होतं, कारण तिची सगळी मदार सुगंधावर, आणि हॉप्सबरोबर आलेलं मँगनीज ऑक्सिडेशनला वेग देतं.

ग्लासला आतून बुडबुडे चिकटले तर तो तेलकट आहे, पुन्हा धुवा. १५० मिलीच ओता. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांबा, ७-८ अंशांना सुरुवात करा. फेस असतानाच छोटे-छोटे हुंगे घ्या. घोट गिळल्यावर नाकातून श्वास सोडा, अर्धी चव तिथे कळते. मग ग्लास तसाच ठेवून वीस मिनिटांनी परत या. स्ट्रॉंग बिअरचे दोष गार असताना लपतात. छातीत ऊब वाटली तर चालेल. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका आला तर आंबवण जास्त तापमानात झालंय. लोण्याचा, बटर पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअसेटिल: हॉप्समधली एन्झाइम्स उरलेली साखर फोडतात, यीस्ट पुन्हा जागं होतं, आणि ते काम संपवण्याआधीच घाईने कॅन भरले की हा वास मागे राहतो. कांदा-लसूण आला तर हॉप्सची जात किंवा उशिरा झालेली तोडणी. मी त्याचे गुण कापतो.

गुणांचं म्हणाल तर बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या ५० गुणांच्या तक्त्यात वासाला १२, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकूण परिणामाला १० आणि दिसण्याला फक्त ३ आहेत. त्या ३ मध्ये रंग आणि फेसही आले. गढूळपणावर भाळणाऱ्यांनी हा तक्ता एकदा बघावा. त्यांच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत हेझी आयपीएची कडवटता २५ ते ६० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) दिली आहे, तेव्हा कडवटपणा अजिबात नसलेला गोड रस हेही यश नव्हे.

एक सांगायचं राहिलं: जर्मन हेफवायझनचं (गव्हाच्या गढूळ बिअरचं) तळाचं यीस्ट मुद्दाम फिरवून ओततात आणि तिथे ते बरोबरच आहे. हलवायची सवय बहुधा तिकडूनच आली असावी. आणि हेझी नीट थंड करून, गाळ बसू देऊन भरली असेल तर कॅनच्या तळाला फारसं काही नसतंच. मग हलवून नुसता फेस होईल.

तरीही कुणी वाद घातला तर ४७३ मिलीच्या कॅनमधले पहिले ४०० मिली अलगद ओता, दोघांत वाटा. उरलेले ७० मिली फिरवून वेगळ्या छोट्या ग्लासात घ्या. आधी स्वच्छ ग्लासातले चार घोट, मगच छोट्या ग्लासातले. क्रम उलटला तर खवखव पुढच्या ग्लासातही जाणवेल आणि तुलना फुकट जाईल.