घाण कारखान्याची, नफा बिल्डरचा, मग साफसफाईचे पैसे सरकारने का द्यायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बंद पडलेल्या एका रासायनिक कारखान्याची जागा सरकारी अनुदानातून साफ करून तिथे घरं बांधायची योजना आहे. घाण केली कारखानदाराने, पैसा कमावणार बिल्डर, मग भुर्दंड करदात्याला कशाला?

राग रास्त आहे. मी अशाच जागांवर माती आणि पाण्याचे नमुने काढायचं काम करते, आणि मलाही सुरुवातीला हेच वाटायचं. आता वाटतं की सरकारने पैसे द्यावेत का, यावर भांडण्यात अर्थ नाही. कधी ना कधी ते द्यावेच लागतात. भांडायचंच तर ते कोणत्या टप्प्यावर द्यायचे आणि परत कसे घ्यायचे, यावर भांडावं.

ज्याने घाण केली त्याने भरावं, हे तत्त्व कुणीच नाकारत नाही. पण त्यासाठी भरणारा सापडायला हवा, कंपनी चालू हवी आणि तिच्या खिशात पैसे हवेत. तिन्ही जुळून आल्याचं उदाहरण म्हणजे कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना. पाऱ्याने माती दूषित झाली, 2001 मध्ये कारखाना बंद झाला. कंपनी मोठी आणि चालू असल्याने खर्च तिच्याच गळ्यात पडला. तरीही मोठ्या प्रमाणावर माती उपसायला दीड दशकाहून जास्त काळ गेला. वाद कशावर, तर साफ केल्यावर किलोभर मातीत 20 मिलिग्रॅम पारा राहिला तर चालेल की नाही यावर.

जुळून न येण्याचं उदाहरण उदयपूरजवळच्या बिछडी गावाचं. रंग उद्योगाला लागणारं एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी तिथल्या विहिरी नासवल्या. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाईचा खर्च कंपन्यांनीच द्यायचा असा निकाल दिला. पुढे सुमारे 37 कोटी रुपयांची रक्कम ठरली. मग अर्जामागून अर्ज सुरू झाले, आणि ते सगळे फेटाळून रक्कम चक्रवाढ व्याजासह भरा असं न्यायालयाने बजावलं 2011 मध्ये. निकाल गाजला, कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. पण जमिनीतलं विष तारखांची वाट बघत बसत नाही. दर पावसाळ्यात ते थोडं खाली उतरतं, भूजलाला लागलं की आडवं सरकतं, आणि जे काम आधी खड्डा खणून झालं असतं त्यासाठी पुढे वर्षानुवर्षं पाणी उपसून गाळत बसावं लागतं. म्हणून बहुतेक देश शेवटी एकाच वाटेने जातात: आधी सरकारने खर्च करायचा, मग दोषी सापडला की त्याच्याकडून वसूल करायचा.

आता “करदाता” म्हणजे नक्की कोण, ते बघू. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट खोदलेला कालवा होता. 1942 ते 1953 या काळात एका रसायन कंपनीने त्यात सुमारे 21 हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. वर शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. 1978 मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना हलवावं लागलं. त्या हादऱ्यातून 1980 चा ‘सुपरफंड’ कायदा आला. या कायद्यातला सफाईचा निधी सामान्य माणसाच्या प्राप्तिकरातून नव्हे, तर मुख्यतः तेल आणि रसायन उद्योगावरच्या खास करातून उभा राहिला. म्हणजे दोषी कंपनी बुडाली तरी तिच्या धंद्यातल्या भाऊबंदांनी भरायचं. 1995 अखेर या कराची मुदत संपली, संसदेने ती वाढवली नाही, निधी हळूहळू आटला आणि बोजा सरकारी तिजोरीवर, म्हणजे तुमच्या शब्दांत करदात्यावर, आला. रसायनांवरचा कर परत लावणारा कायदा झाला तो 2021 मध्ये. हे मुद्दाम सांगते, कारण “सरकारी पैसा” असं म्हटलं की तो एकाच खिशातून येतो असं आपण धरून चालतो. तो कुणाच्या खिशातून काढायचा हे ठरवता येतं. तुमच्या योजनेतही हा प्रश्न पहिला विचारा.

सुपरफंडचा एक उलटा परिणामही झाला. जबाबदारी इतकी कडक की जमिनीचा आजचा मालकही तिच्यात अडकू शकतो, मग घाण त्याने केलेली असो वा नसो. साहजिकच जुन्या औद्योगिक जमिनींना कुणी हात लावेना. बँक कर्ज देईना. विकासक शहराबाहेरची कोरी शेतजमीन घेऊन मोकळा. शहराच्या मधोमध गंजलेलं गेट, वाकलेलं कुंपण आणि आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही, अशा जागा साचत गेल्या. त्यांनाच ब्राउनफिल्ड म्हणतात. तिथल्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजाने अमेरिकेत अशा साडेचार लाखांहून जास्त जागा आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ फारशा दूषित नसतीलही. नुसत्या संशयाने पडून आहेत.

हा संशय म्हणजे काय चीज आहे ते जवळून सांगते. एका जुन्या इलेक्ट्रोप्लेटिंग कारखान्याच्या जागेवर आम्ही गेलो होतो. मालकाने दिलेल्या नकाशाप्रमाणे टाक्या पूर्वेच्या भिंतीला लागून. तिथे चार बोअर, म्हणजे नमुन्यासाठी मातीत खोल भोकं, घेतले. तीन मीटरपर्यंत स्वच्छ तांबूस माती, वास नाही, काही नाही. जेवायला बसलो तेव्हा तिथले म्हातारे वॉचमन म्हणाले, “मॅडम, तिकडं काय खणताय? जुना खड्डा त्या शेडखाली होता. नवी शेड टाकली तेव्हा वर कोबा केला.” म्हटलं, काका, दाखवा. कोबा फोडला, ऑगर (माती काढायचं गिरमिट) आत गेला आणि मीटरभरातच मातीचा रंग पालटला, हिरवट पिवळा. भोकात झिरपलेलं पाणी लिंबाच्या सरबतासारखं दिसत होतं. षट्संयोजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा, रंग एकदा पाहिला की विसरत नाही. काचेच्या बाटलीत नमुना भरला, बर्फाच्या पेटीत ठेवला. मालक शेजारीच उभा होता. तो एवढंच म्हणाला, “आकडा रिपोर्टात यायलाच हवा का?”

त्या एका वाक्यात सगळं अर्थशास्त्र आलं. तपासलं नाही तोवर त्याची जमीन “कदाचित दूषित” असते. तपासली की “दूषित” ठरते आणि सफाई करा म्हणणारे दारात येतात. मग तो कशाला तपासेल? घेणाराही तपासणीचा खर्च करायला बिचकतो, कारण निकाल वाईट आला तर व्यवहार मोडणार आणि तो पैसा पाण्यात जाणार. म्हणजे जमीन अडून राहते ती पहिल्या, तुलनेने लहान खर्चापाशी. माझ्या मते सरकारी पैसा सगळ्यात जास्त कामाला येतो तो इथे. सफाईचा खर्च ठाऊक झाला की बाजार त्याचा हिशेब मांडू शकतो: जमीन इतक्याची, सफाई इतक्याची, वजा करून भाव ठरवा. ठाऊक नसलेल्या खर्चाचा हिशेब कोण मांडणार?

अमेरिकेने 2002 मध्ये कायदा करून दोन गोष्टी केल्या. खरेदीपूर्वी रीतसर चौकशी करणाऱ्या निर्दोष खरेदीदाराला संरक्षण दिलं आणि ब्राउनफिल्डच्या अनुदानांना पक्का कायदेशीर पाया दिला. तपासणीसाठी वेगळं अनुदान, सफाईसाठी वेगळं, आणि तिसरा प्रकार म्हणजे फिरता कर्जनिधी: एकाने घेतलेलं कर्ज फिटलं की तोच पैसा पुढच्या जागेला. अर्ज करणार नगरपालिका, राज्य, आदिवासी समुदायांची सरकारं, ना-नफा संस्था. खासगी बिल्डरला थेट अनुदान नाही, फार तर त्या निधीतून कर्ज. आणि जागा ज्याने नासवली त्याला काहीच नाही. तुमच्या रागातला अर्धा भाग नियमात असा आधीच बसवता येतो.

उरलेला अर्धा, म्हणजे बिल्डरचा नफा. सरकारी पैशाने सफाई झाली की जमिनीचा भाव चढतो, आणि तो चढलेला भाव ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचा. त्याच 2002 च्या कायद्यात यावर एक कलम आहे, माझ्या फार आवडीचं. सरकारने सफाई केली, खर्च वसूल झाला नाही आणि त्या सफाईने जमिनीची किंमत वाढली, तर त्या वाढीपुरता बोजा सरकार जमिनीवर चढवू शकतं. जमीन विकताना आधी तो भागवायचा. सरकारने खर्च केल्याहून जास्त मागता येत नाही, पण फुकटचं घबाड तरी कुणाला मिळत नाही. असं कलम नसलेली अनुदान योजना मला अर्धवट वाटते, मग तिचं नाव कितीही हिरवं असो.

“साफ” या शब्दावर तर मी वेगळं उत्तर लिहू शकेन. नेदरलँड्समधल्या लेकरकेर्क गावात 1980 मध्ये उघड झालं की रासायनिक कचऱ्याची पिंपं पुरलेल्या भरावावर अख्खी वस्ती बांधली गेली आहे. विद्रावकं (सॉल्व्हंट) प्लॅस्टिकच्या नळांतून आरपार शिरून पिण्याच्या पाण्यात आली होती. सुमारे 270 घरं रिकामी केली, माती उपसून नेली, बिल सरकारने भरलं. घाबरलेल्या देशाने 1983 मध्ये कायदा केला आणि धोरण असं धरलं की दूषित जमीन कुठल्याही वापराला चालेल इतकी साफ करायची. ऐकायला उत्तम. पण खर्च इतका की कामं रखडली, आणि 1990 च्या दशकात त्यांनी ते सोडून वापरानुसार सफाई हा मार्ग घेतला. गोदामाखाली वेगळा निकष, बाळं रांगतात त्या अंगणाला वेगळा. मला हे पटतं, पण त्यात एक खोच आहे. आज गोदामासाठी म्हणून साफ केलेल्या जागेचा वापर दहा वर्षांनी गुपचूप बदलून तिथे पाळणाघर निघता कामा नये, याची नोंद जमिनीच्या कागदावर कायमची राहायला हवी. अनुदान मिळताना यावर सगळे माना डोलावतात. पुढे लक्ष ठेवायला कुणाला पगार नसतो.

भारतात या विषयाचे स्वतंत्र नियम आले ते जुलै 2025 मध्ये. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या, राज्य प्रदूषण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दूषित ठरली तर दोषी शोधून वसुली करायची, आणि दोषी सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्याने खर्च उचलायचा. तपासणीची सुरुवात मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही, ही त्यातली जमेची बाजू. नियम आले तेव्हा देशात 103 दूषित जागा नोंदलेल्या होत्या आणि सफाईचं काम सुरू झालेल्या फक्त 7. भोपाळचंच बघा. 1984 ची दुर्घटना, आणि कारखान्यातला 337 टन कचरा बारा कंटेनरमध्ये भरून पिथमपूरला जाळायला निघाला तो 2025 च्या पहिल्या दिवशी. खर्च सरकारचा. आणि हा तर गोळा करून ठेवलेला कचरा. आवारातली माती आणि खालचं भूजल यांचं काम वेगळंच.

आता तुमच्या योजनेबद्दल. अनुदानाच्या रकमेवर वाद घालण्याआधी तपासणीचा अहवाल मागा. सरकारी पैशाने झालेला असेल तर तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. आकड्यांचे तक्ते नंतर बघा, आधी शेवटची पानं उलटून बोअर कुठे घेतले त्याचा नकाशा काढा. कारखान्यात जुन्या टाक्या, सांडपाण्याचे चर, भंगाराचे ढीग कुठे होते हे तिथे काम केलेल्या एखाद्या म्हाताऱ्या कामगाराला विचारून त्याच नकाशावर पेन्सिलीने खुणा करा. बोअर त्या खुणांजवळ असतील तर पुढचं वाचायला घ्या. सगळे गेटजवळच्या मोकळ्या मैदानात असतील, तर त्या जागा कुणी निवडल्या, हे लेखी विचारा.