ताणली की आवळणारी धमनी

प्रश्न : माझ्या वडिलांना बरीच वर्षे उच्च रक्तदाब आहे. दाब वाढला की मेंदूतल्या धमन्या फुगण्याऐवजी आवळतात, असे डॉक्टर म्हणाले. रबरी नळी तर ताण आल्यावर फुगते. मग धमनीला आवळण्याची सूचना कोण देते? मेंदू का?

उत्तर : ही सूचना मेंदूकडून येत नाही, ती धमनीच्या भिंतीतच जन्माला येते. मज्जातंतूंशी संबंध तोडलेली धमनीही ताणाला आवळून उत्तर देते, हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम बेलिस यांनी १९०२ मध्ये दाखवून दिले. ताण पडला की भिंतीतल्या स्नायुपेशींच्या पटलावरील विद्युतभार बदलतो, त्यामुळे कॅल्शियमची दारे उघडतात, आणि आत शिरलेल्या कॅल्शियममुळे पेशी आकुंचन पावते.

मात्र ती किती आवळावी, हे रासायनिक संदेश ठरवतात, आणि खरी गंमत इथेच आहे. ताणलेली स्नायुपेशी अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून (पेशीच्या पटलातल्या एका मेदाम्लापासून) ‘२०-एचईटीई’ नावाचे द्रव्य तयार करते. पेशीतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट हे द्रव्य रोखते. ती वाट खुली असती तर पेशी सैलावली असती, ती बंद झाल्यामुळे आकुंचन अधिक घट्ट होते. दुसरीकडे, धमनीच्या आतल्या अस्तरातून पाझरणारा नायट्रिक ऑक्साइड स्नायूला सैल करत राहतो. (या वायूच्या संदेशवहनाच्या शोधासाठी १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.) या दोन्ही बाजूंच्या ओढाताणीतून धमनीचा व्यास क्षणोक्षणी ठरत असतो.

शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळी सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे त्याचा रक्तपुरवठा कमी होऊन चालत नाही आणि नाजूक केशवाहिन्यांवर दाबाचा मारा होऊनही चालत नाही. निरोगी माणसाचा सरासरी दाब साधारण ६० ते १५० मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असेपर्यंत हा पुरवठा जवळपास स्थिर राहतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट अशी, की दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबात धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि ही संपूर्ण मर्यादा वरच्या आकड्यांकडे सरकते. अशा रुग्णाचा दाब एकाएकी फार खाली आणला, तर इतरांना सहज सोसणाऱ्या दाबावरही त्याच्या मेंदूला रक्त कमी पडू शकते. म्हणून गोळ्यांचे प्रमाण घरच्या घरी कृपया वाढवू नका. ते डॉक्टरांना टप्प्याटप्प्यानेच बदलू द्या.