सोळा वर्षं उशिरा लिहिलेली तक्रार

*प्रश्न : माझा भाचा ‘अँग्री व्हिडिओ गेम नर्ड’ नावाचा कार्यक्रम तासन्‌तास बघतो. पांढरा शर्ट, खिशाला पेनं आणि डोळ्यांवर चष्मा असा एक अमेरिकन माणूस जुनेपुराणे टुकार गेम खेळतो आणि भडकतो. जे गेम आज कुणी विकत घेणार नाही, त्यांचं परीक्षण करून काय साधतं? आणि हे सुरू कसं झालं?*

परीक्षण म्हणजे ‘पैसे घालावेत की नाही’ याचा सल्ला, असं आपण धरून चालतो. त्या हिशेबाने तुमची शंका रास्तच आहे. पण हा कार्यक्रम करणारा आणि त्यातलं ‘नर्ड’चं पात्र रंगवणारा जेम्स रॉल्फ सल्ला देतच नाही. तो तक्रार नोंदवतो. डब्यावरचं झकास चित्र पाहून गेम आणायचा, तो धड खेळताच यायचा नाही आणि दाद मागायची सोय कुठेच नाही, ही १९८० च्या दशकातल्या अमेरिकन मुलांची तक्रार. ती ऐकून घेणारं कुणी नव्हतं, म्हणून हा कार्यक्रम मला मोलाचा वाटतो.

रॉल्फचा जन्म १९८० चा, न्यू जर्सीतला. लहानपणापासून कॅमेरा घेऊन सिनेमे करण्याचा नाद, पुढे फिलाडेल्फियाच्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्‌स’मध्ये शिक्षण. मे २००४ मध्ये त्याने मित्रांना दाखवायला म्हणून एक छोटा व्हिडिओ केला. विषय होता निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गेमयंत्रावरचा ‘कॅसलव्हेनिया २ : सायमन्स क्वेस्ट’. हा गेम अमेरिकेत १९८८ साली आला होता, म्हणजे परीक्षण सोळा वर्षं उशिराचं.

त्या गेममधली एक जागा सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. चालत चालत तुम्ही एका कड्यापाशी येता आणि पुढे वाटच संपते. उडी मारा, चाबूक चालवा, काही होत नाही. उपाय असा, की लाल स्फटिक हातात घ्यायचा, कड्यापाशी गुडघ्यावर बसायचं आणि तसंच बसून राहायचं. काही क्षणांनी एक वावटळ येते आणि तुम्हाला उचलून पलीकडे नेते. हे कुणाला आपणहून सुचणार? गावातल्या लोकांना विचारावं, तर इंग्रजी आवृत्तीतली सूचना म्हणते, कड्यावर डोकं आपटून भोक पाड! जपानीतून इंग्रजीत येताना सूचनांची पार वाट लागली होती, शिवाय काही गावकरी मुळातच खोटं बोलतात. भरीला दिवस मावळला की खेळ थांबतो आणि ‘रात्र झाली’ सांगणारी ओळ एकेक अक्षर करत पडद्यावर उमटते. उजाडलं की पुन्हा तेच.

मी स्वतः व्हिडिओ संकलनाचं काम करते, त्यामुळे माझं लक्ष इथे वेगळ्या गोष्टीकडे जातं. गेम कंटाळवाणा आहे असं नुसतं सांगून रॉल्फ मोकळा होत नाही. तो चित्रण चालू ठेवतो, आपल्यालाही त्या ओळीसाठी ताटकळायला लावतो, आणि नेमका कंटाळा यायला लागला की कापतो. शिव्या सगळ्यांच्या लक्षात राहतात. ही कात्री चालवण्याची जाण मात्र सिनेमा शिकलेल्या माणसाची आहे. पुढे त्याच्या नकला करणारे शेकड्यांनी आले. ओरडणं त्यांनी उचललं, ही कात्री फार थोड्यांना जमली.

दोन वर्षं हे मित्रमंडळींतच राहिलं. २००६ मध्ये माइक मटाई या मित्राने आग्रह धरला, म्हणून व्हिडिओ यूट्यूबवर गेले. आधीचं नाव ‘अँग्री निन्टेन्डो नर्ड’ होतं. दुसऱ्या कंपनीचं नाव वापरण्यातली कायदेशीर जोखीम आणि सेगा, अटारी या इतर कंपन्यांचेही गेम घ्यायची इच्छा, यामुळे ते बदललं. काइल जस्टिनने शीर्षकगीत केलं. ‘गेमट्रेलर्स’ या संकेतस्थळाशी करार झाला आणि त्या सुरुवातीच्या काळात महिन्याला दोन भाग येत. ते संकेतस्थळ २०१६ मध्ये बंद पडलं, कार्यक्रम मात्र रॉल्फच्या ‘सिनेमॅसकर’ या घरच्या नावाखाली चालू राहिला.

एका बाबतीत माझं त्याच्याशी पटत नाही. त्याचा ठरलेला शत्रू म्हणजे एलजेएन. इंद्रधनुष्याच्या रंगांचा तो शिक्का पडद्यावर आला की नर्डचा पारा चढतो. पण एलजेएन ही मुळात खेळणी विकणारी कंपनी. गाजलेल्या सिनेमांचे हक्क घ्यायचे आणि गेम दुसऱ्यांकडून करून घ्यायचे, हा तिचा धंदा. ‘द कराटे किड’ ॲटलसने केला, ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ रेअरने, ‘बॅक टू द फ्युचर’ बीम सॉफ्टवेअरने. पुढे याच रेअरने नावाजलेले गेम दिले. दोष शिक्क्याचा आहेच, पण सिनेमाच्या नावावर गेम खपणारच, या भरवशावर काम उरकून घेण्याच्या पद्धतीचा त्याहून मोठा आहे. कोणता गेम कुणी बनवला हे प्रत्येक भागात ठणकावून सांगितलं असतं, तर तक्रार योग्य दारात पोचली असती.

*प्रश्न : याच माणसाने वाळवंटात पुरलेल्या गेमवर सिनेमा काढला आणि नंतर ते गेम खरोखरच सापडले, असं ऐकलं. खरं आहे?*

खरं आहे. १९८२ मध्ये अटारीने ‘ई. टी.’ सिनेमावरचा गेम नाताळच्या विक्रीसाठी घाईघाईत करायला घेतला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रॅमरला त्यासाठी जेमतेम पाच आठवडे मिळाले. गेम सपाटून आपटला, आणि १९८३ च्या सप्टेंबरमध्ये अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला. पुढे कित्येक वर्षं लोक ही दंतकथाच समजत होते.

रॉल्फने चाहत्यांकडून ३ लाख २५ हजार डॉलरहून जास्त वर्गणी जमवली आणि केव्हिन फिनसोबत सिनेमा केला. चाहते गेमचं परीक्षण कर म्हणून मागे लागतात आणि नर्ड वाळवंट गाठतो, अशी ती कथा. चित्रीकरण आधीच झालेलं होतं. २६ एप्रिल २०१४ ला दुसऱ्याच एका माहितीपटासाठी तो डेपो खणला गेला आणि कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात घालायच्या गेमच्या डब्या, वर आल्या. ‘ई. टी.’ होताच, शिवाय अटारीचे इतरही कितीतरी गेम निघाले. जुलैत सिनेमा प्रदर्शित झाला. त्यात स्वतः वॉरशॉ काम करतो, हे मला फार आवडलं. ज्याच्या माथी वर्षानुवर्षं खापर फुटलं, त्याला बोलावून मानाने पडद्यावर आणलं. सिनेमाच्या शेवटी नर्ड तो गेम एकदाचा खेळतो आणि परीक्षण बरंच मवाळ निघतं. पाच आठवड्यांत जवळजवळ एकट्याच्या हातून जे झालं, ते बघता तेच न्याय्य होतं.

*प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला हा कार्यक्रम दाखवू का? आणि मला बघायचा असेल तर कुठून सुरुवात करू?*

तिला इतक्यात नको. शिव्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात आहेत, बिअरच्या बाटल्या आहेत, शी-शूचे विनोद आहेत. त्या गाळून बघता येईल असा तो कार्यक्रम नाही. तिला जुन्या गेमबद्दल कुतूहल असेल, तर सरळ जुना गेमच खेळायला द्या.

तुम्ही मात्र २००४ च्या ‘सायमन्स क्वेस्ट’पासूनच सुरू करा. चित्र ओबडधोबड आहे, तरी बघा. मग ‘द कराटे किड’. त्यानंतर ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेवरचे पुढचे भाग शोधा. त्यांत तो ज्या गेमवर जीव टाकतो त्यांच्याबद्दल बोलतो, आणि एवढा राग येण्याइतकं याला हे सगळं आवडतं तरी किती, ते तिथे कळतं.