हिरवा बिल्ला कोलोनचा, पॅरिसला चालेल का?

नाशिकला पेठ रोडवर आरटीओजवळ आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. पूर्वी इंटरनॅशनल परमिट काढायला येणारा माणूस एवढंच विचारायचा, की तिकडं उजव्या बाजूनं चालवायला जमेल का. आता तो विचारतो, "ताई, तिकडं शहरात गाडी आत घेत नाहीत म्हणे?" माझी लेक जर्मनीत कोलोनला असते. तिच्याकडे तीन उन्हाळे काढले आणि जावयाच्या गाडीचे कागद मीच हाताळले, म्हणून संपादकांनी या महिन्याची ही पत्रं माझ्याकडे सरकवली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघं निवृत्त, गंगापूर रोडला राहतो. मे महिन्यात कोलोनला मुलाकडे जाणार आहोत. त्यानं २०१२ सालची डिझेल गाडी सेकंडहँड घेतली आहे. कोलोनहून ब्रसेल्स, पॅरिस आणि जमलं तर मिलान असा बेत आहे. मुलगा म्हणतो, काचेवर हिरवा बिल्ला आहे, तो युरोपभर चालतो. खरं का?

उत्तर : नाही. गाडीचा धूर मर्यादेत आहे असं सांगणारा तो बिल्ला जर्मनीचा आणि जर्मनीपुरताच. पण काका, बाकीचं नंतर. आधी त्या बिल्ल्याकडेच नीट बघायला सांगा. समोरच्या काचेला आतून, खाली उजव्या कोपऱ्यात तो लावलेला असतो. मधे मोठा '४' आणि त्याखाली पांढऱ्या पट्टीत पेनानं लिहिलेला गाडीचा नंबर. गाडी सेकंडहँड आहे म्हणता, तर तिथं आधीच्या मालकाचा नंबर राहिला असण्याची शक्यता बरीच. जावयाच्या गाडीला तसंच होतं. बिल्ला हिरवागार, नंबर भलत्याचाच. नंबर जुळत नसेल किंवा उन्हानं उडून वाचता येत नसेल, तर तो बिल्ला नसल्यासारखाच, आणि बिल्ल्याशिवाय शहरातल्या लो एमिशन झोनमध्ये सापडलं तर दंड १०० युरो. नवा बिल्ला गाडी नोंदणीच्या ऑफिसात किंवा ट्यूव्ह, डेक्रा यांच्या तपासणी केंद्रात कागद दाखवला की हातोहात मिळतो. आम्ही गेलो, त्या बाईंनी नंबर लिहिला, शाई वाळू दिली आणि बिल्ला दिला. पाच मिनिटांचं काम. आपल्या पीयूसीसारखी दर वर्षी नव्यानं काढायची भानगडही नाही. नंबर बदलत नाही तोवर तोच चालतो.

आता मूळ गोष्ट. लो एमिशन झोन म्हणजे धुराच्या हिशोबानं गाडीला शहरात घेण्याची किंवा अडवण्याची हद्द. सुरुवात स्वीडननं १९९६ मध्ये केली, ती ट्रक-बसपुरती. जर्मनीत बर्लिन, कोलोन, हानोव्हर या शहरांत असे झोन १ जानेवारी २००८ ला सुरू झाले. पण सगळ्या युरोपचा म्हणून एक नियम नाही. दर देशाची, कधी कधी दर शहराची तऱ्हा वेगळी. कुठं काचेवर बिल्ला लागतो, कुठं बिल्ला-बिल्ला काही नाही, कॅमेरा नंबर प्लेट वाचतो आणि आधी ऑनलाइन नोंदणी केलेली आहे का ते बघतो.

पण गाडी कोणत्या पायरीची, हे मात्र सगळीकडे एकाच मापानं मोजतात, आणि ते तुमच्या मुलाच्या हातातच आहे. युरोपातल्या आरसीवर रकान्यांना ठरावीक खुणा असतात, भाषा कुठलीही असो. 'बी' म्हणजे पहिल्या नोंदणीची तारीख, 'पी.३' म्हणजे इंधन, आणि 'व्ही.९' म्हणजे प्रदूषणाची श्रेणी. व्ही.९ मध्ये युरो ४, ५, ६ यांपैकी काय आहे ते कळलं की निम्मी डोकेदुखी गेली. (आपलं बीएस त्याच धर्तीवर बेतलेलं आहे, त्यामुळे ही भाषा तुम्हाला नवी नाही.) २०१२ ची डिझेल म्हणजे बहुतेक युरो ५ निघेल. तसं धरून पुढं जाते.

ब्रसेल्समध्ये कॅमेरे आहेत. जर्मन नंबरची गाडी आत नेण्याआधी ऑनलाइन नोंदवावी लागते. नोंदणी फुकट आहे, पण आरसीचा फोटो जवळ ठेवा. खरी अडचण युरो ५ डिझेलची. या गाड्या तिथं २०२५ पासून बंद होणार होत्या. २०२४ मध्ये तिथल्या प्रादेशिक संसदेनं दोन वर्षांची मुदत वाढवली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयानं त्या मुदतवाढीलाच स्थगिती दिली. म्हणून ब्रसेल्सचं उत्तर मी आज छापून उपयोग नाही. निघायच्या आठवड्यात शहराच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. नाही म्हणाली, तर गाडी कोलोनलाच ठेवून रेल्वेनं जा. ब्रसेल्स बघायला गाडीची गरजही नाही.

पॅरिसला वेगळा बिल्ला : क्रितेर. त्यात ० पासून ५ पर्यंत आकडे, आकडा जितका लहान तितकी गाडी स्वच्छ. युरो ५ डिझेलला पिवळा '२' मिळतो. पॅरिसनं १ जानेवारी २०२५ पासून '३' नंबरच्या गाड्याही आठवड्याच्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ आत येण्यापासून थांबवल्या. तुमचा '२' त्यातून वाचतो. मधे २०२५ मध्येच फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीनं हे झोनच रद्द करावेत असं मतदान केलं, त्यामुळे इथंही निघण्याआधी एकदा डोकावा. पण बिल्ला काढून ठेवा, फार तर पाच युरोंचा प्रश्न आहे. तो पोस्टानं घरी येतो, म्हणून महिनाभर आधी मागवा.

मिलानला मात्र मी स्पष्ट 'नाही'च म्हणेन. तिथला 'एरिया बी' जवळजवळ सगळं शहर व्यापतो आणि युरो ५ डिझेलला ऑक्टोबर २०२२ पासून सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात बंदी आहे. आतला 'एरिया सी' वेगळाच. तिथं चालणाऱ्या गाडीलाही दिवसाचे साडेसात युरो. शनिवार-रविवारी दोन्ही शांत असतात. नाहीतर २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी आपण काय केलं ते आठवा. गाडी शहराबाहेरच्या वाहनतळावर, तिथून एसटी आणि पुढं पायी. मिलानलाही बाहेर गाडी लावून लोकल किंवा मेट्रो पकडायची. गोदाघाटापेक्षा चालणं कमीच पडेल.

आणि हे सगळं शोधायचं कुठं? एका ठिकाणी चाळायचं तर युरोपीय आयोगाच्या पाठबळावर चालणारी 'अर्बन ॲक्सेस रेग्युलेशन्स' नावाची साइट आहे. त्यात नकाशा आहे, शहराचं नाव टाकता येतं, गाडीचा प्रकार निवडता येतो. तिथून मग त्या शहराच्या स्वतःच्या पानावर जा आणि शेवटचा शब्द त्याच पानाचा माना. गुगलवर सगळ्यात वर जाहिरात म्हणून येतात त्या साइटपासून सांभाळा. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फ्रान्सचा बिल्ला तीस युरो भरून मागवला; साइटवर झेंडा होता, शिक्का होता, सरकार तेवढं नव्हतं. फ्रान्सच्या सरकारी पत्त्याचा शेवट 'गूव्ह डॉट एफआर' असा असतो, म्हणजे जी-ओ-यू-व्ही, टिंब, एफ-आर. तेवढं बघून मगच कार्डाचा नंबर टाका.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र इंदिरानगरचे. रोमला उतरून भाड्याची गाडी घेणार, इटली फिरणार. भाड्याची गाडी नवी असते, मग हे झोनचं टेन्शन कंपनीचं, आपलं नाही, बरोबर?

उत्तर : धुराचं टेन्शन बहुधा नाहीच. पण इटलीत जुन्या गावठाणांना 'झेडटीएल' म्हणून कुंपण असतं आणि त्याचा धुराशी काही संबंध नाही. परवानगी नसलेली गाडी, मग ती काल शोरूममधून निघालेली का असेना, आत जायची नाही.

माझीच फजिती सांगते. भाड्याची गाडी, स्टेअरिंगवर मी, शेजारी जावई नकाशा सांगतोय. गल्लीच्या तोंडाशी लाल कडेचा पांढरा गोल आणि वर दिव्यांची पाटी : 'वार्को आत्तीव्हो'. वार्को म्हणजे फाटक, आत्तीव्हो म्हणजे ॲक्टिव्ह. मी म्हटलं, फाटक चालू आहे, चला! चालू होतं ते, पण कॅमेऱ्यासकट. म्हणजे बंदी चालू. 'नॉन आत्तीव्हो' असेल तेव्हा जायचं असतं. हॉटेल सापडेना म्हणून वळसा घालून त्याच तोंडानं परत आत गेले. सात महिन्यांनी नाशिकच्या पत्त्यावर जाड लिफाफा आला, दोन वेळा आत गेल्याचे दोन दंड. गाडीच्या कंपनीनं माझं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे त्याआधीच कार्डातून वेगळे कापून घेतले होते. परदेशी माणसाला नोटीस धाडायला इटलीच्या कायद्यानं ३६० दिवस दिलेत, तेव्हा घरी सुखरूप पोचलो म्हणून सुटलो असं समजू नका. तेवीस वर्षं लोकांना पाट्या वाचायला शिकवणारी बाई मी. आमच्या स्कूलमधली पोरं अजून मला 'वार्को मॅडम' म्हणतात.

जुन्या भागात हॉटेल घेतलं असेल, तर बुकिंग करतानाच विचारा, आमच्या गाडीचा नंबर पालिकेला कळवाल का. पुष्कळ हॉटेलं कळवतात. मात्र नंबर तुम्हाला गाडी ताब्यात आल्यावरच कळणार, म्हणून रोमला काउंटरवरूनच फोन लावा.

प्रश्न : मी २४ डिसेंबरला रात्री साडेदहाला लंडनच्या हिथ्रोला उतरते आहे. भाचा स्लावला राहतो, त्याची २००९ ची डिझेल गाडी आहे. तो म्हणतो, मावशी, तुला घ्यायला आलो तर मला पंचवीस पौंड पडतील. मुलगा कंजूष झालाय की खरंच असं आहे?

उत्तर : भाचा खरं बोलतोय, पण पुरतं नाही. लंडनचा यूलेझ, म्हणजे तिथला लो एमिशन झोन, २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रभागांमध्ये, लागू आहे, हिथ्रो त्यात येतं, स्लाव बाहेर राहतं. डिझेलला युरो ६ लागतं, पेट्रोलला युरो ४. २००९ ची डिझेल त्यात बसायची नाही, म्हणजे दिवसाला साडेबारा पौंड. दिवस मध्यरात्री बदलतो. तो अकराला आत येऊन साडेबाराला बाहेर पडला, तर एरवी दोन दिवसांचे पंचवीस पौंड झालेच असते. पण २५ डिसेंबरला यूलेझ नसतो, वर्षातला तेवढा एकच दिवस. म्हणजे लवकर आला तरी साडेबारा पौंडच. आणि त्यानं बारा वाजून गेल्यावरच हद्द ओलांडली, तर काहीच नाही.

तुमचं इमिग्रेशन आणि बॅगा होईपर्यंत साडेअकरा-पावणेबारा वाजतीलच. त्यानंतर तासाभरानं लंडनची मेट्रो आणि बसही नाताळसाठी बंद, तेव्हा गाडी त्यालाच आणायला सांगा. फक्त घरून बाराच्या ठोक्यानंतर निघ म्हणावं. तोवर अर्धा तास बाकावर बसून राहा आणि डब्यातल्या पुरणपोळीचा वास बाहेर येऊ देऊ नका.