‘तुम्हाला काही विचारायचंय?’

लेकीला अमेरिकेत मेडिकल स्कूलचा इंटरव्ह्यू आलाय आणि ‘शेवटी तिने काय विचारायचं’ यावर घरात खल चाललाय, असं एका ताईंनी कळवलंय. ताई, आधी ती नेटवरून उतरवलेली वीस प्रश्नांची यादी बाजूला ठेवा. ‘तुमच्या कॉलेजचं वैशिष्ट्य काय?’ हे समोरच्याने त्याच दिवशी चारदा ऐकलेलं असतं. वर्गात मुलं किती, फी किती, हे एएएमसी या तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या ऑनलाइन माहितीकोशात मिळतं. ते विचारलं की पाहुणी घरचा अभ्यास न करता आलीय, एवढंच कळतं.

ज्याच्या उत्तराने तिचा निर्णय हलेल, तोच प्रश्न न्यावा. यूएसएमएलई ही तिथली डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा; तिचा पहिला टप्पा, स्टेप वन, जानेवारी 2022 पासून नुसता पास-फेल झाला. तिथला आकडा गेला, तसा रेसिडेन्सीच्या (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाच्या) अर्जात स्टेप टूच्या गुणांवरचा भार वाढला. मग विचारावं, ‘स्टेप टूच्या अभ्यासाला मोकळे आठवडे किती मिळतात? रोटेशनच्या ग्रेड नेमकं कोण ठरवतं?’ (रोटेशन म्हणजे हॉस्पिटलच्या एकेका विभागातलं पाळीपाळीचं काम.) किंवा, ‘सुरुवातीची वर्षं पास-फेल आहेत हे वाचलं, पण आतून रँकिंग ठेवतात का?’ हा शेवटचा मला फार आवडतो.

विद्यार्थी समोर असेल तर वेगळं: ‘एखाद्या विषयात अडकलात तेव्हा कोणाकडे गेलात?’ खरी मदत मिळाली असेल तर माणूस, दिवस, प्रसंग सगळं आठवतं. गुळमुळीत आलं, तर तेही उत्तरच.

एमएमआयमध्ये, म्हणजे एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जात छोट्या छोट्या मुलाखती देण्याच्या पद्धतीत, स्टेशनवर मिनिटं मोजलेली, तिथे विचारायला सहसा सवड नसते. प्रश्न विद्यार्थ्यांबरोबरच्या गप्पांसाठी राखून ठेवावेत.

सराव मात्र हवाच. माझ्या भाच्याचा आम्ही जेवणाच्या टेबलावर घेतला. त्याने झकास प्रश्न टाकला, मी मन लावून उत्तर देतेय, आणि साहेबांची नजर कागदावरच्या पुढच्या प्रश्नावर! मग कागद काढून घेतला. माझ्याच उत्तरातला शब्द पकडून दुसरा प्रश्न विचारायचा, असं ठरलं. दोन संध्याकाळी अडखळला, तिसऱ्या दिवशी चक्क गप्पा मारायला लागला.

आणि ताई, इंटरव्ह्यू ऑनलाइन असेल तर दाराआडून खुणा करू नका. तिची नजर दाराकडे वळलेली कॅमेऱ्यात स्पष्ट दिसते.