आधी सांडपाणी, मग संग्रहालय

प्रश्न : स्पेनमधील बिल्बाओ शहराचा नदीकाठ एका संग्रहालयामुळे पालटला, असे नेहमी वाचनात येते. बंद पडलेल्या गोद्या आणि कारखाने हटवून एखादी देखणी इमारत उभारली, की नदीकाठ खरोखरच जिवंत होतो का?

उत्तर : गुगेनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये खुले झाले आणि टायटॅनियमच्या पत्र्यांनी मढवलेली त्याची वळणदार इमारत छायाचित्रांत इतकी उठून दिसते, की तिच्याआधीची खटपट कोणाच्या लक्षातच येत नाही. नेर्विओन नदीत समुद्राची भरती थेट शहरापर्यंत शिरते. त्यामुळे कारखान्यांचे आणि घरांचे सांडपाणी समुद्रात निघून न जाता तिथेच मागेपुढे होत राही, आणि काही पट्ट्यांत पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपला होता. हे सांडपाणी अडवून शुद्धीकरण केंद्राकडे नेणाऱ्या मलवाहिन्यांचे काम संग्रहालयाच्या कितीतरी आधी हाती घेतले गेले, आणि त्यावर संग्रहालयाच्या कितीतरी पट खर्च झाला. मलवाहिनी पाहायला पर्यटक येत नाहीत, हे खरे!

खरी मेख मात्र जमिनीच्या मालकीत होती. काठावरची बरीचशी जागा बंदर, रेल्वे अशा सार्वजनिक संस्थांकडे विखुरलेली होती. १९९२ मध्ये केंद्र सरकारच्या आणि बिल्बाओ ज्यात येते त्या बास्क प्रदेशातील संस्थांनी निम्मा-निम्मा वाटा घेऊन ‘बिल्बाओ रिया २०००’ ही कंपनी स्थापन केली. संस्थांनी जमिनी तिच्या हवाली करायच्या, नगरपालिकेने त्यांचा वापर बदलून द्यायचा, कंपनीने काही भूखंड विकायचे आणि आलेला पैसा रूळ हलवणे, रस्ते, बागा यांत घालायचा, असा हा व्यवहार होता. घरांना गिऱ्हाईक असेपर्यंत तो चालतो. २००८ नंतर बाजार बसला, तेव्हा त्याचीही कोंडी झाली.

जुन्या खुणा सरसकट पुसल्या गेल्या नाहीत, हे मला विशेष वाटते. एउस्काल्दुना ही जहाजबांधणीची गोदी १९८८ मध्ये बंद पडली, पण तिची ‘कारोला’ नावाची तांबडी क्रेन आजही सागरी संग्रहालयाच्या आवारात उभी आहे. शेजारचे १९९९ मधील सभागृह तर अर्धवट बांधलेल्या जहाजासारखे दिसावे म्हणून मुद्दाम गंजलेल्या पोलादाने मढवले आहे.

हे काम अद्याप संपलेले नाही. १९८३ च्या महापुराने या शहराची मोठी हानी केली होती. नदीकाठच्या झोरोत्साउरे या भागातील नव्या वस्तीची आखणी करतानाही पुराचे पाणी पसरायला वाट मिळावी म्हणून त्याला लागून असलेला देउस्तोचा अर्धवट राहिलेला कालवा आधी नदीला जोडावा लागला, आणि २०१८ मध्ये त्या जागेचे बेट झाले.